मुलाने काय पाहिले, ते लिही

चि. बाय,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पक्षकार बाईला नवऱ्याने केलेली मारहाण संरक्षणाच्या अर्जात सविस्तर मांडावी आणि मुलाच्या ताब्याच्या अर्जात त्या मारहाणीचा ओझरता उल्लेख करावा, असे तुला एका ज्येष्ठ वकिलांनी सुचवले आणि तू गोंधळलीस. वाईट नवरा हा वाईट बाप असतोच असे नाही, हे त्यांचे वाक्य मी न्यायालयात इतक्यांदा ऐकले आहे की आता माझा संयम सुटतो. ते वाक्य वजनदार वाटते, कारण बहुतेक अर्जांत मूल कुठे दिसतच नाही.

म्हणून एकच सांगते: मुलाने काय पाहिले, ते लिही. नवऱ्याने तिला मारले एवढेच लिहिलेस, तर समोरचा वकील ते नवरा-बायकोचे भांडण म्हणून बाजूला सारील. त्या रात्री सात वर्षांचा मुलगा कुठल्या खोलीत होता, तो मध्ये पडला की खाटेखाली लपला, दुसऱ्या दिवशी शाळेत गेला का, पुन्हा अंथरूण ओले करू लागला का, हे लिहिलेस की तोच प्रसंग मुलाच्या हिताचा प्रश्न होतो, आणि ताबा ठरवताना मुलाचे हितच सर्वांत वर धरले जाते.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम 21 पुन्हा वाच. सुनावणीच्या कुठल्याही टप्प्यावर दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदार स्त्रीकडे देऊ शकतात, आणि बापाची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरू शकते असे त्यांचे मत झाले, तर ती भेट त्यांनी नाकारलीच पाहिजे. पण ते मत बनणार कशावरून? कलम 26 प्रमाणे या कायद्यातले दिलासे दिवाणी न्यायालयातही मागता येतात. तेव्हा दोन प्रकरणांत भिंत घालण्याचा सल्ला मला तरी समजत नाही.

आपल्या गोव्यात समान नागरी कायद्याचा अभिमान फार. विवाहपूर्व करार नसेल तर 1867 च्या पोर्तुगीज संहितेप्रमाणे बायको निम्म्या मिळकतीची मालकीण, आणि 1910 च्या घटस्फोट कायद्यात छळ हे कारणही आहे. तरीही कागदावर अर्ध्या घराची मालकीण असलेली बाई मुलाला घेऊन डिचोलीला माहेरी झोपते, हे तू पाहतेसच. 2015 साली गोव्यातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा आणि ती त्यास अयोग्य आहे हे दाखवण्याचा भार बापावर आहे. तुझ्या पक्षकाराचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्या निकालावर विसंबू नकोस. मुलाने काय पाहिले, ते लिही.

मसुद्यातले ‘अमानुष’, ‘पाशवी’ हे शब्द काढून टाक. त्यांच्या जागी तारीख, वेळ, गोमेकॉचा, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा केसपेपर, शाळेचे हजेरीपत्रक, 112 वर केलेल्या फोनची नोंद आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल येऊ दे. जे घडले नाही ते एका ओळीनेही वाढवू नकोस. आणि मुलाला पढवू द्यायचे नाही, हे त्या बाईला आजच बजाव. न्यायाधीश मुलाला एकटे बोलावून विचारतात, तेव्हा पाठ केलेले वाक्य लगेच कळते आणि मग त्याच्या खऱ्या सांगण्यावरही विश्वास बसत नाही.

मी तडजोडी मोडते, असे बार रूममध्ये म्हणतात. म्हणोत. माझी एक पक्षकार कंटाळून दुसऱ्या वकिलाकडे गेली आणि ‘वाजवी भेटी’ एवढ्या दोन शब्दांवर सही करून मोकळी झाली. पुढे दर शनिवारी बसस्थानकावर मुलीला सोपवताना तिने शिव्या खाल्ल्या, मुलीच्या देखत. ती मला सोडून गेली याची हळहळ आहे, हट्टाची नाही. भेट मुळीच नको, असे मी प्रत्येक प्रकरणात म्हणत नाही. मुलाला बापाची ओढ असू शकते, आणि ती असली तर तीही लिहावी लागते.

तेव्हा भेट द्यावीच लागली, तर जागा, वेळ, मुलाला नेणारी-आणणारी तिसरी व्यक्ती आणि भेटीच्या वेळी हजर राहणारा माणूस, सगळे आदेशात यावे असे माग. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुलाला मूळ घरी नेऊन रात्री ठेवण्याची मागणी येईलच. मारहाण त्याच घरात झाली असेल, तर मुलाने तिथे काय पाहिले ते उत्तरात पहिल्याच परिच्छेदात घे. सुधारलेला मसुदा सोमवारपर्यंत पाठव.

तुझी,
ताई