करार नोटरीचा, मुदत संपलेली. घर विकू की कुलूप लावू?

प्रश्न: मी पुण्यातल्या एका खासगी शाळेतून निवृत्त झाले. पेन्शन नाही. वारज्यात आमचा एक टू बीएचके फ्लॅट आहे, त्याच्या १८,००० रुपये भाड्यावर माझं घर चालतं. पहिला भाडेकरार रजिस्टर केला होता. दुसऱ्या वेळी एजंटचा खर्च वाचवायला ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरी करून घेतला. त्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली. भाडं अजून दर महिन्याला खात्यात येतं, पण घर सोडायला सांगितलं की भाडेकरू म्हणतात, "मुलीची शाळा चालू आहे, आणि करार रजिस्टर नाही, त्यामुळे तुम्ही आम्हाला काढू शकत नाही." सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल दरमहा दीड हजार घेते. पोलिसांकडे माहिती द्या, करार नोंदवा, आणि आता डिपॉझिटही दोनच महिन्यांचं घ्यायचं म्हणे. सासऱ्यांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात भाडेकऱ्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. मुलगा म्हणतो, विकून टाक, नाहीतर कुलूप लाव. काय करावं?

उत्तर: ताई, विकायचं की ठेवायचं हा निर्णय आज करू नका. आज हातात ताबा नाही, आणि भाडेकरू बसलेलं घर पडत्या भावात मागणारे पुष्कळ भेटतील. आधी ताबा, मग बाकीचं.

तुमच्या भाडेकऱ्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायचा परवाना देणारा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून तुम्हाला जास्त नडणारी गोष्ट पुढे आहे: नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. मात्र त्याच वाक्यात कायदा "अन्यथा सिद्ध न झाल्यास" असंही म्हणतो. हे तुमचे भाडेकरू सांगत नाहीत, कदाचित त्यांना माहीतही नसेल. नोंदणी नाही म्हणून घर त्यांचं होत नाही. फक्त सिद्ध करायचं ओझं तुमच्या खांद्यावर येतं.

ते सिद्ध करायला तुमच्याकडे बरंच काही आहे. पहिला नोंदणीकृत करार आहे. त्याच माणसानं त्याच जागेत मुदतबंद करारानं राहायला सुरुवात केली, हे त्यातून दिसतं. नोटरी केलेल्या कागदावर त्यांची सही आहे (त्यावर मुद्रांक शुल्क कमी पडलं असेल तर ते दंडासह भरावं लागेल, ती तयारी ठेवा). बँकेत जमा होणारं भाडं आहे आणि "कधी सोडताय" या तुमच्या मेसेजला त्यांनी दिलेली उत्तरं आहेत. काहीही डिलीट करू नका.

तरीही लगेच दावा लावा असं मी म्हणणार नाही. त्यांनी "मी परवान्यावर नाही, भाडेकरू म्हणून राहतोय" अशी भूमिका घेतली, तर प्रकरण लघुवाद न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षं चालू शकतं. त्यांची अडचण मुलीच्या शाळेची आहे, आणि तुम्हाला तारीख हवी आहे. दोन्ही एकाच कागदात बसतं. त्यांना सांगा, शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत राहा, पण आजपासून त्या तारखेपर्यंतचा नवा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करायचा. थंब घ्यायला एजंट घरी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

या कागदानं तुमची बाजू पालटते. नोंदणीकृत कराराची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्यांकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे) अर्ज करता येतो. लेखी करारात लिहिलेल्या गोष्टींचा तो करारच निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्यानं प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर त्याला लढताही येत नाही. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. त्या आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज (आदेश कायद्याला धरून आहे का, हे तपासण्यासाठीचा) होऊ शकतो. घरमालकाला इतकं बळ देणारी वाट या कायद्यात दुसरी नाही, आणि तिच्यावर निर्धास्त चालायचं तर हाती नोंदणीकृत करार हवा.

खर्चाचंही बोलू. १८,००० भाडं, अकरा महिने आणि पन्नास हजार डिपॉझिट धरलं तर ०.२५ टक्क्यानं मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंटचे पैसे वेगळे. नोटरीच्या कागदाला तुम्ही पाचशे घातलेच होते.

त्यांनी नवा करार करायला नकार दिला तर वकिलामार्फत नोटीस द्या: मुदत संपली आहे, जागा सोडा, आणि यापुढे खात्यात येणारी रक्कम भाडं म्हणून नव्हे तर जागा वापरल्याची भरपाई म्हणून, हक्क राखून स्वीकारली जाईल. मात्र रागाच्या भरात पाणी तोडणं, वीज बंद करणं, ते गावाला गेले की कुलूप बदलणं यातलं काहीही करू नका. अत्यावश्यक सेवा तोडणं या कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. आणि बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मग मूळ मालक कोण हा प्रश्न न्यायालय त्या दाव्यात विचारतसुद्धा नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण मला वाटतं निर्णय तीच घेते आहे. सदाशिव पेठेत तुम्ही जे पाहिलं ते खरंच घडलं होतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं कित्येक घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. पुढे १९७३ च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर राहत असलेल्यांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केलं. तात्पुरती म्हणून दिलेली घरं कायमची गेली. गोठवलेलं भाडं वाजवी राहिलेलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही १९९७ मध्ये म्हटलं. पुण्या-मुंबईत घर भाड्यानं देताना अकरा महिन्यांचा हट्ट आणि पोटातली धास्ती आली ती यातूनच. पण वारज्याचा फ्लॅट त्या कायद्याखाली नाही. ठरलेल्या मुदतीचा, नोंदणीकृत परवाना हे आजच्या कायद्यातलं तुमचं संरक्षण आहे.

दोन महिन्यांच्या डिपॉझिटची गोष्ट मॉडेल टेनन्सी कायद्यातली. केंद्रीय मंत्रिमंडळानं तो २ जून २०२१ ला मंजूर केला, पण तो नमुना आहे. राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय तो कुणालाही लागू होत नाही. महाराष्ट्रात तुमचा व्यवहार १९९९ च्याच कायद्यानं चालतो. त्या नमुन्यात मुदतीनंतर राहणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं आहे, हेही फॉरवर्ड करणाऱ्यांनी कळवायला हवं होतं.

पोलिसांकडे माहिती देणं चुकवू नका. आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना टाळाटाळ केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो. माहिती ऑनलाइन भरता येते.

सोसायटीचे दीड हजार मात्र बहुतेक बेकायदा आहेत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवाशुल्क अडीच हजार असेल तर अडीचशे, बस्स. लेखी मागणी करा, जादा घेतलेली रक्कम परत मागा आणि ऐकलं नाही तर सहकार उपनिबंधकांकडे तक्रार द्या.

तुमचा थकवा मला समजतो. पन्नास फ्लॅट भाड्यानं देणाऱ्याकडे हिशेबनीस आणि वकील असतो. एका फ्लॅटच्या मालकिणीला तेच सगळं एकटीनं करावं लागतं, वर घर भाड्यानं दिलं की मिळकत करातली स्वतः राहणाऱ्याची ४० टक्के सवलतही मिळत नाही. कायदा करणाऱ्यांनी हा फरक ओळखायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तुमच्यासारखी माणसं कुलूप लावून बाजूला झाली, तर नोकरीसाठी आलेल्या नर्सला, शिकायला आलेल्या मुलांना परवडणारं घर कुठून मिळणार? पण यासाठी तुम्ही स्वतःचं नुकसान सोसावं असं मी म्हणणार नाही. कुलूप लावलं तरी मेंटेनन्स आणि कर चालू राहतो आणि तुमचे १८,००० बंद होतात. पेन्शन नसताना हा हिशेब आधी मांडा. विकलंत तर मिळणारे पैसे कुठे ठेवणार आणि त्यावर दरमहा किती येईल, हे सीएकडून लिहून घ्या. तुलना त्या आकड्याशी करा.

या आठवड्यात पहिल्या कराराची इंडेक्स टू प्रत (नोंदणीचा सारांश उतारा) काढा, नोटरीच्या कागदाची झेरॉक्स आणि वर्षभराचं बँक स्टेटमेंट एका फाइलला लावा, आणि रविवारी मुलाला सोबत घेऊन भाडेकऱ्यांकडे ३० एप्रिलचा प्रस्ताव घेऊन जा. बोलणं झालं की त्याच दिवशी ते मेसेजवर लिहून पाठवा.