नऊ पानं पदांची, अर्धं पान माणसाचं

प्रिय,

चिनी नेते वान ली यांच्या चरित्राचा तुझा आराखडा वाचला. चौदा पानांपैकी नऊ पानं ते कुठल्या साली कुठल्या खुर्चीवर होते यातच गेली. मेहनत दिसते, माणूस दिसत नाही. चिनी नेत्यांचे अधिकृत परिचय एकाच साच्यातून निघतात. तू त्या साच्याचं मराठी केलंयस. १९१६ साली शानदोंग प्रांतात जन्म, १९३६ ला कम्युनिस्ट पक्षात, २०१५ ला निधन. एका परिच्छेदात उरक.

आणि तो 'राज्यपाल' आधी खोड. चीनमध्ये प्रांताचा गव्हर्नर सरकार चालवतो, शोभेला नसतो. पण त्याच्याही डोक्यावर पक्षाचा प्रांतिक सचिव असतो. खरी सत्ता तिथे. नुसतं 'सचिव' लिहिलंस तर आपल्या वाचकाला मंत्रालयातला आयएएस आठवेल, म्हणून सुरुवातीलाच नीट फोड करून सांग. जून १९७७ मध्ये वान ली अन्हुई प्रांतात गेले ते पक्षाचे पहिले सचिव म्हणून. त्याआधी रेल्वेमंत्री होते. १९७६ मध्ये डेंग श्याओपिंग सत्तेतून पडले, तेव्हा हेही पडले होते. दोनदा आपटलेला साठीचा माणूस हा. (पहिल्यांदा माओच्या सांस्कृतिक क्रांतीत.) शेतीतलं त्यांना फारसं कळत नव्हतं. म्हणून ते हिंडले.

डोंगराळ जिनझाई भागातली एक हकिकत बरेच जण सांगतात. झोपडीत चुलीशी बसलेला म्हातारा प्रांताचा मोठा माणूस आला तरी उठेना. शेवटी उठला, तेव्हा कळलं की खाली घालायला काही नाही. ही गोष्ट वेगवेगळ्या रूपांत सापडते, त्यामुळे 'असं सांगतात' म्हणूनच लिही. पण लिही. १९५९ ते ६१ च्या दुष्काळात सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांत अन्हुई होता, आणि सोळा-अठरा वर्षांनीही तिथे ही गत होती.

आता तुझ्या आराखड्यात अर्ध्या पानात उरकलेला भाग. १९७८ ला अन्हुईत भीषण अवर्षण पडलं. सामूहिक शेतीतली पेरणी होणार नाही हे उघड होतं. तेव्हा प्रांतिक समितीने ठरवलं: जी जमीन पडीक राहील ती शेतकऱ्यांना गव्हासाठी उसनी द्या. 'उसनी' या शब्दावर थांब. वाटून दिली म्हटलं असतं तर समाजवादाशी गद्दारी झाली असती. उसनी दिलेली वस्तू परत येते, त्यामुळे कागदावर काहीच बदललं नाही. फेइशी तालुक्यातल्या शान्नान भागात त्याच शरदात लोकांनी हा धागा पकडला आणि घरटी जमीन कसायला घेतली. डिसेंबरात पक्षाच्या केंद्रीय समितीच्या बीजिंगमधल्या बैठकीतल्या शेतीविषयक मसुद्यात मात्र असं करायला स्पष्ट मनाई होती. १९७९ च्या सुरुवातीला वान लींनी काय केलं? वटहुकूम काढला नाही. शान्नानमध्ये प्रयोग चालू द्या, एवढंच म्हणाले. मार्चमध्ये पक्षाच्या मुखपत्राने पहिल्या पानावर याविरुद्ध एका वाचकाचं पत्र छापलं, खालचे अधिकारी गडबडले; तरी त्यांनी प्रयोग मोडू दिला नाही.

श्याओगांग गावातल्या शेतकऱ्यांनी जमीन घरटी वाटून घेण्याचा गुप्त करार केला; त्यावरच्या अंगठ्यांच्या अठरा ठशांवर तू भाळली आहेस. मीही एके काळी भाळलो होतो. तो कागद आता संग्रहालयात आहे आणि गाव जवळजवळ तीर्थक्षेत्र झालंय. पण ते गाव फंगयांग तालुक्यातलं. तिथली माणसं ढोलकं घेऊन भीक मागत हिंडायची, त्यांची गाणी चीनभर ठाऊक होती. तालुक्याच्या सचिवाला करार कळला आणि तो गप्प बसला. त्याच्या वर वान ली, वान लींच्या वर डेंग. ही गप्प बसण्याची साखळी तुझा खरा विषय आहे. ती पदांच्या यादीत सापडणार नाही.

त्या काळी लोक म्हणत, तांदूळ हवा तर वान लींना गाठा, धान्य हवं तर झाओ झियांगना. चिनीत 'मी' म्हणजे तांदूळ, तो 'ली'शी जुळतो. 'ल्यांग' म्हणजे धान्य, ते 'यांग'शी. झाओ तेव्हा सिच्वानचे सचिव होते. १९८० मध्ये दोघंही बीजिंगला गेले, वान ली उपपंतप्रधान झाले.

१९८९ चं तियानानमेन चौकातलं विद्यार्थी आंदोलन तू वगळलंयस. का? वान ली तेव्हा राष्ट्रीय लोकसभेचे, म्हणजे चीनच्या संसदेचे, अध्यक्ष होते, उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर. त्यांनी परत येऊन अधिवेशन बोलवावं, अशी विद्यार्थ्यांची आस होती. विमान बीजिंगऐवजी शांघायला उतरलं, आणि दोन दिवसांत त्यांनी लष्करी कायद्याला पाठिंबा जाहीर केला. त्या कायद्याला विरोध केलेल्या झाओंची पुढची पंधरा वर्षं नजरकैदेत गेली. एका म्हणीतली दोन नावं. तुला वान ली आवडतात हे पानापानावर दिसतं, म्हणून तर हे प्रकरण तूच लिहायला हवंस.

पुढच्या महिन्यात बाकी काही पाठवू नकोस. फक्त १९७८ चा उन्हाळा ते १९७९ चा मार्च, वीस पानं. आणि शान्नान कुठे, श्याओगांग कुठे, तेवढा नकाशा हाताने काढून जोड.

तुझा,
सर