वजन उचललं नाही तरी हर्निया का होतो?

वडिलांनी कधी जड उचललं नाही, ऑपरेशन करूनही परत दुसऱ्या बाजूला हर्निया झाला (म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतला भाग बाहेर फुगला), असं का, हा तुमचा प्रश्न. वजन, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांनी पोटात प्रेशर वाढतं हे खरं, पण तेवढंच कारण असतं तर सगळ्या हमालांना हर्निया झाला असता ना!

पोटाची भिंत नुसत्या स्नायूंवर टिकत नाही, स्नायूंवरचे जे पांढरे चिवट पडदे असतात ते खरा ताण घेतात आणि ते बनतात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. त्यात टाइप १ जाड आणि मजबूत, टाइप ३ बारीक आणि लेचापेचा. हर्नियाच्या बऱ्याच पेशंटमध्ये टाइप ३ चं प्रमाण वाढलेलं सापडतं, म्हणजे कापडच विरलेलं, मग नुसते टाके घालून किती दिवस धरणार? म्हणून तर मोठ्या माणसांत बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) जाळी बसवतात, तिच्यात नवीन टिश्यू वाढून आधार मिळतो.

घराण्यात हर्निया असेल तर रिस्क जास्तच. आणि वडील सिगारेट ओढत असतील तर प्लीज आधी ती बंद करा, धुराने कोलॅजन तुटतं पण आणि जखम भरायलाही वेळ लागतो. फुगवटा आत जात नसेल, दुखून उलट्या होत असतील तर मात्र लगेच हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.