एका दिवसात एकच जागा

अगं पोरी, तुझा प्लॅन दोनदा नीट वाचला. सकाळी अथेन्सहून निघायचं, डेल्फीला, म्हणजे ग्रीसमधल्या अपोलो देवाच्या त्या प्राचीन देवस्थानाला जिथे लोक देवाचा कौल घ्यायला यायचे, दीड तास, मग होसिओस लुकासचा मठ, मग थर्मोपिली, रात्री परत अथेन्स. आणि खाली विचारलंयस, काका यात अजून काय बसेल? काहीही बसणार नाही. उलट आहे त्यातलंच काढ. डेल्फी ठेव, बाकी सगळं खोड. एका दिवसात एकच जागा.

तुझी घालमेल कळते मला. एवढ्या लांब आलोय, परत कधी येणं होईल कोण जाणे, घरचे विचारतील काय काय पाहिलंस. पण नुसती यादी भरली म्हणजे पाहिलं असं होत नाही गं. पहिल्यांदा एका टूरवाल्यांनी मला असंच नेलं होतं. अपोलोच्या देवळाचे ते परत उभे केलेले सहा खांब, तिथे पोचतोय न पोचतोय तोच गाइड घड्याळ दाखवायला लागला, चला चला, खाली बस थांबलीय. वर थिएटर होतं, त्याच्याही वर स्टेडियम होतं आणि मला मान वळवून बघत बघत खाली उतरावं लागलं. तो राग अजून गेलेला नाही माझा. नंतर स्वतःच्या हिमतीवर साध्या बसने गेलो, अख्खा दिवस तिथेच काढला, बरोबरचे वैतागले, म्हणाले एवढ्यात चार ठिकाणं झाली असती. झाली असती की! पण मग भिंत दिसली नसती.

ती भिंत देवळाच्या चौथऱ्याला खालून आधार देते, इ.स.पू. सहाव्या शतकातली. दगड चौकोनी नाहीत, वेडेवाकडे, वळणदार, पण एकात एक असे बसवलेत की मधे चुना नाही, काही नाही. लोक फोटो काढून पुढे जातात. तू थांब. उन्हाची तिरीप पडली की दगडांवर बारीक अक्षरं दिसायला लागतात, ओळीच्या ओळी, शेकडो लेख. त्यातले बहुतेक गुलामांच्या सुटकेचे करार आहेत. मालकाने गुलाम अपोलो देवाला विकला असं लिहायचं, पैसे बहुतेक वेळा त्या गुलामानेच जमवलेले, आणि देवाला विकला म्हणजे तो मोकळा. नाव, किंमत, साक्षीदार, सगळं दगडात, म्हणजे उद्या कुणी परत धरायला आलं तर दाखवायला पुरावा. काही करारांत अट आहे की मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याकडेच राहायचं. म्हणजे मोकळी पण आणि मोकळी नाही पण. मी त्या भिंतीपाशी बराच वेळ उभा होतो. राजे येऊन देवाला लढायांचं विचारायचे ते सगळे सांगतात, ह्या माणसांचं कुणी सांगत नाही. दीड तासात तर नाहीच नाही.

मग वर चढ. थिएटरपाशी दम लागेल, तिथून बहुतेक लोक परत फिरतात, तू फिरू नकोस. अजून वर स्टेडियम आहे, कधीकधी आत सोडत नाहीत, तरी जा, कडेवरून दिसतं. धावायच्या रेषेचे दगड अजून जागेवर आहेत, पाय रोवायला त्यात खाचा कोरल्यात. सावली फार कमी आहे, पाणी भरपूर घे आणि बूट चांगले घाल, गुळगुळीत दगडांवर पाय सटकतो.

म्युझियम मात्र ऊन तापल्यावर. तिथे ब्राँझचा सारथी आहे, १८९६ मध्ये सापडलेला, घडवलाय इ.स.पू. ४७५ च्या आसपास. सगळे त्याचे डोळे बघतात, डोळे आहेतच तसे, पापण्यांचे केससुद्धा केलेत. पण तू पाय बघ. तो रथात उभा होता, म्हणजे पाय कुणाला दिसणारच नव्हते, तरी नखं, शिरा, घोटे, सगळं मन लावून केलंय. न दिसणाऱ्या गोष्टीला कुणीतरी इतका वेळ दिला आणि आपण दिसणाऱ्या गोष्टीला दहा मिनिटं देणार? म्हणून सांगतोय, एकच जागा.

मेटेओरा, ते उंच खडकांवरचे मठ, माझं अजून पाहायचं राहिलंय. त्याचं काही वाटत नाही मला. खरं तर थोडं वाटतं, पण डेल्फी अर्धवट राहिलं असतं तर जे वाटलं असतं त्यापुढे हे काहीच नाही, आणि इतक्या वर्षांनी पण मी हेच म्हणेन, कुणाला पटो न पटो.

वेळ उरला तर, आणि उरेलच, रस्त्याने खाली अथेना प्रोनाया देवीच्या आवाराकडे जा, तिथली गोल इमारत, थोलोस, बघ. अर्धा तास नुसती बस. खाली ऑलिव्हची झाडं पार इतेयाच्या खाडीपर्यंत गेलेली दिसतात.

आता कामाचं. अथेन्सहून केटेलची, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बससेवेची, बस घे, साधारण तीन तास लागतात, सकाळची पहिलीच पकड. हिवाळ्यात साइट दुपारीच बंद होते, वेळा आधी बघून ठेव. बस गावात थांबते, तिथून साइट चालत जाण्यासारखी आहे. हे गाव पूर्वी अवशेषांच्या डोक्यावरच होतं, कास्त्री नावाचं, फ्रेंचांनी १८९२ मध्ये खोदकाम सुरू केलं तेव्हा उचलून बाजूला वसवलं. उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस किती वाजता ते विचार आणि तिकीट तिथेच काढून टाक, सीझनमध्ये ती भरते.