मात्रा आणि डोस

प्रश्न : मी कोल्हापुरात बी.फार्म. करते. आजी म्हणते, "ह्या गोळीची मात्राच चालंना झालीया." वर्गात आम्ही 'डोस' म्हणतो. मात्रा म्हणजे डोसच का?

उत्तर : एरवी हो, पण आजीच्या वाक्यात नाही. 'गोळीचा डोस चालंना' असं म्हणून बघा, कानाला लगेच खटकेल.

मात्रा आली 'मा' म्हणजे मोजणे या धातूवरून. अक्षरावरची मात्रा, वृत्तातली मात्रा याच घरातल्या. डोसचं मूळ ग्रीक 'दोसिस', म्हणजे देणं. आपल्या 'दा' धातूचा हा लांबचा भाऊबंद. म्हणून उपदेशाचे डोस पाजता येतात; मात्रा मात्र चालावी किंवा लागू पडावी लागते. पाजणं आपल्या हातात, चालणं नाही.

मराठी घरांत मात्रा हे खुद्द औषधाचंही नाव. सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची. अगदी शेवटच्या घटकेला द्यायची ती हेमगर्भाची मात्रा निघाली की घरातले काय ते समजून जात. बाळगुटीचं माप तर वळशांत : हळकुंडाचा एक, वेखंडाचा अर्धा.

आता तुमच्या विषयाकडे. गिळलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते आणि काही औषधांचा मोठा भाग तिथंच संपतो. छातीत कळ आल्यावर नायट्रोग्लिसरीन जिभेखाली ठेवतात ते यासाठीच. सोबत काय घेतलं यानंही फरक पडतो. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह कमी शोषलं जातं. औषधासोबत जे घ्यायचं त्याला वैद्य 'अनुपान' म्हणतात. इतका नेटका शब्द आपण अडगळीत का टाकला, कळत नाही.

पुढची गंमत 'लागू पडणे'मध्ये आहे. औषध रक्तातून अंगभर फिरतं, पण बहुतेक औषधं ठरावीक ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या ठरलेल्या जागांना चिकटून, अगदी शब्दशः लागूनच काम करतात. धडधडीवरचं प्रोप्रॅनोलॉल हे औषध हृदयातल्या बीटा ग्राहींवर ठाण मांडून बसतं. मग हृदयाचे ठोके वाढवणारं ॲड्रेनलिन हे संप्रेरक आलं तरी जागा अडलेली, धडधड आवरते. ॲड्रेनलिनची मात्रा चालंना! असल्या औषधांना पुस्तकात 'अँटॅगोनिस्ट' म्हणतात. मला आजीचंच वाक्य जास्त नेमकं वाटतं.

तेव्हा चिठ्ठीवर खुशाल 'डोस' लिहा, परिणामाबद्दल बोलताना 'मात्रा' राहू द्या. आणि आजीची ती गोळी लोहाची असेल, तर कशाबरोबर घेते ते विचारून घ्या.