आरशातला जोडीदार

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा बजी (बजरीगर, छोटा पोपट) आहे, पिंट्या. आम्ही दोघंही दिवसभर कामावर असतो, म्हणून चार महिन्यांपूर्वी त्याच्या पिंजऱ्यात एक छोटा गोल आरसा अडकवला. पहिले काही दिवस मजा वाटली. आता तो आरशासमोरून हलत नाही. मान वरखाली करतो, गाणी म्हणतो, खाल्लेले दाणे बाहेर काढून काचेवर चिकटवतो. पूर्वी बोटावर येऊन बसायचा, आता आरशाजवळ हात गेला की चावतो. त्याला उलट्या होत आहेत का? आरसा ठेवावा की काढावा?

उत्तर : काढा. पण आज घरी गेल्या गेल्या हिसका देऊन काढू नका. कसा काढायचा ते पुढे सांगते.

आधी उलटीचं बघू, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय. मान लयीत वरखाली करत, एका ठिकाणी नीट दाणे ठेवणं ही उलटी नव्हे, ते भरवणं आहे. बजीचा नर आपल्या मादीला असाच अन्नपिशवीतून दाणे काढून भरवतो. उलटीत पक्षी डोकं झटकतो, शिंतोडे इकडेतिकडे उडतात, डोक्यावरची पिसं चिकट होतात आणि तो पिसं फुगवून मलूल बसतो. असं दिसलं तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पिंट्याचं वर्णन मात्र प्रेमात पडलेल्या नराचं आहे.

आता माझी चूक. दवाखाना सुरू केला त्या काळात मी स्वतःच सगळ्यांना आरसा सुचवायचे. एकटा पक्षी? लावा आरसा. मग एका घरातली कॉकॅटिएल (तुरेवाला छोटा पोपट) मादी आली. तिच्या पिंजऱ्यात नर नव्हता, आरसा होता, आणि तोही माझ्याच सल्ल्याने. तिने त्याच्यासमोर दिवसाआड एक अशी सहा अंडी घातली. सातवं अडकलं. पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून, शेपटी हलवत बसलेली ती मला अजून दिसते. ऊब दिली, कॅल्शियम दिलं, संध्याकाळी अंडं बाहेर पडलं आणि ती वाचली. आरसा एवढं करू शकतो हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकामागून एक अंडी घालताना मादीच्या अंगातलं कॅल्शियम संपत जातं आणि मग असं अडकणं जिवावर बेततं.

पक्ष्याला कळत नाही का, की समोर आपणच आहोत? चिंपांझींना ते कळतं हे १९७० मध्ये मानसशास्त्रज्ञ गॅलप यांनी दाखवलं : अंगावर रंगाची खूण केली की आरशात पाहून ते स्वतःच्याच अंगावरची खूण चाचपतात. २००८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी मॅगपाय पक्ष्यांच्या गळ्याखाली रंगीत ठिपके लावले, तेव्हा काहींनी आरशात बघून ते काढायचा प्रयत्न केला. मॅगपाय कावळ्याच्या कुळातला, चलाख. बजीने असं काही करून दाखवलेलं नाही. त्याच्या लेखी काचेत दुसरा बजी आहे.

आणि हा दुसरा बजी फार विचित्र आहे. खरी मादी कधी घास घेते, कधी चोच मारते, कधी कंटाळून दुसऱ्या दांडीवर जाते, आणि नराला तेवढ्यापुरतं गप्प बसावं लागतं. काचेतला तो कधी कंटाळत नाही. पिंट्या झुकला की तोही झुकतो, पण घास काही घेत नाही. मग पिंट्या पुन्हा भरवतो. बजी हा थव्यात राहणारा पक्षी, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर त्यांचे हजारोंचे थवे असतात. एवढ्या मोठ्या गोतावळ्यासाठी घडलेलं मन एका काचेवर अडकलं की तुमचं बोट तिथे लुडबूड वाटणारच. चावला म्हणून रागावू नका.

(प्राणिसंग्रहालयांत फ्लेमिंगोंच्या लहान कळपाभोवती आरसे लावतात, कळप मोठा भासला की ते घरटी करायला लागतात म्हणून. तिथे पिल्लं हवी असतात. तुम्हाला पिंट्याचं डोकं शांत हवं आहे.)

तर काढायचं कसं? सुट्टीच्या दिवशी सुरुवात करा, म्हणजे तुम्ही घरात असाल. पहिले दोन-तीन दिवस दुपारभर आरशावर फडकं टाका, मग दिवसभर, आणि आठवड्याभरात आरसाच पिंजऱ्याबाहेर. त्याच जागी काहीतरी काम द्या : कागदाच्या पुडीत बांधलेले दाणे, कुरतडायला मऊ लाकूड, राळ्याचं कणीस. पुडी कशी उघडायची ते आधी तुम्ही उघडून दाखवा, नाहीतर तो तिला घाबरेल. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळू द्या. दिवस लांबला की अंगातली विणीची ओढ जागी राहते. याच कारणाने पाठीवरून हात फिरवू नका, लाड डोक्यापुरतेच. काही दिवस तो आरशाची जागा शोधत हाका मारेल. त्या ऐकवत नाहीत, मला ठाऊक आहे. तरी परत लावू नका.

या काळात रोज सकाळी त्याचं वजन करा. किलो दाखवणारा मोठा काटा चालत नाही, ग्रॅम दाखवणारा छोटा लागतो. बजी असतो तीस-चाळीस ग्रॅमचा. त्यात तीन-चार ग्रॅम घटले म्हणजे दहावा हिस्सा गेला, तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

दुसरा बजी आणावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल. दोघांना आयुष्यभर वेळ देता येणार असेल तरच. आणलात तर किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, आजार हवेतून आणि विष्ठेतूनही पसरतात. आणि दोघांचं पटेलच याची हमी नाही.

प्रश्न : आमची लव्हबर्डची जोडी आहे, एकमेकांत रमलेली. त्यांच्या पिंजऱ्यात आरसा चालेल का?

उत्तर : रमलेत ना? मग आरसा कशाला! हौसच असेल तर अ‍ॅक्रिलिकचा, तासाभरासाठी. भांडणं वाढली किंवा एक जण तिथेच बसू लागला तर काढून टाका. काच फुटते, आणि जुन्या आरशाच्या पाठीचा उडालेला मुलामा चोचीत गेला तर त्यातले धातू विषारी ठरू शकतात. त्यांना खोलीत मोकळं सोडत असाल तर कपाटाच्या मोठ्या आरशावर आधी चादर टाका. उडता पक्षी तो रस्ता समजून वेगात आपटतो, आणि अशी मानेची दुखापत माझ्याकडे एकदा नव्हे, अनेकदा आली आहे.