अकराव्या शतकातल्या मुस्लिम धर्मपंडित गझालीने कार्यकारणभाव नाकारला, म्हणून मुस्लिम जगातलं विज्ञान बुडालं, हे खरं का?

नाही. हे 'नाही' मी पंचवीस वर्षं पोटात ठेवलंय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

एमएच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी हेच विचारलं होतं. "आग लावली तरी कापूस जळेलच असं नाही म्हणणारा तत्त्वज्ञ कसला?" उदाहरण गझालीचंच, तत्त्वज्ञांचं खंडन करणाऱ्या त्याच्या 'तहाफुत अल-फलासिफा' (1095) या ग्रंथाच्या सतराव्या चर्चेतलं. आणि माझं बालपण जिनिंगच्या आवारात गेलेलं! मी जोशात म्हटलं, सर, गाठीत ठिणगी राहिली तर वरून पत्ता लागत नाही, आत धुमसत राहते. आणि भिजलेल्या रुईला काडी लावा, नुसता धूर. सर हसले. "मग रुई ओली होती, एवढंच. इब्न सीनाही हेच म्हणेल." इब्न सीना म्हणजे कारणातून परिणाम अटळ मानणारा, गझालीने त्या ग्रंथात ज्याला धरलं तोच तत्त्वज्ञ. मी गप्प.

उत्तर जिना उतरताना सुचलं, नेहमीप्रमाणे. रुई खडखडीत वाळलेलीच घ्या. आग टेकली, रुई काळी पडली. डोळ्यांना काय दिसलं? आगीपाशी जळताना दिसली, आगीने जळताना नाही. अरबीत 'इंदहू' (त्याच्यापाशी) आणि 'बिही' (त्याच्यामुळे), एवढ्या दोन शब्दांवर सगळा वाद. 'जळायलाच हवं' हे रुईत कुठे सापडत नाही. गझालीच्या मते दोन्ही गोष्टी ईश्वर घडवतो, एकीपाठोपाठ एक, आणि ती रीत आपल्या अंगवळणी पडलेली. ईश्वर वगळून स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने 1748 मध्ये असंच काहीसं म्हटलं तर ती प्रखर बुद्धी, याने म्हटलं की अंधश्रद्धा!

विज्ञानाचं म्हणाल तर त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत, ग्रहणाचं गणित धर्माच्या नावाने नाकारणाऱ्यांना तो झापतो. इराणातली मराग्याची वेधशाळा 1259 ची, म्हणजे गझालीनंतरची. खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर चौदाव्या शतकातला, दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढणारा. बुडणं असं असतं होय?

हां, गझालीला उत्तर देणारा बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ इब्न रुश्द, त्याचा टोला मात्र वर्मी लागतो: कारणं नाकारलीत तर बुद्धीच नाकारलीत, आगीला स्वतःचा गुणच नसेल तर तिला आग तरी का म्हणायचं? याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. शिवाय गझालीने कारणं खरंच नाकारली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. कारण त्याच चर्चेत पुढे तो आगीचा गुण मान्य करून दुसरी वाट दाखवतो: अंगाला तल्क (न जळणारं एक खनिज) चोपडून पेटत्या भट्टीत बसलेला माणूस भाजत नाही.

म्हणजे माझी ओली रुई अगदीच वाया नव्हती. सरांनी तिथवर वाचलं नसावं. मीही तेव्हा वाचलं नव्हतं, ते सोडा.